जॉन फोगर्टीने क्रीडन्सची गाणी परत रेकॉर्ड केली, गरज होती का?

खरखरीत_तबकडी (धागाकर्ता)

फोगर्टीचा 'लेगसी' अल्बम ऐकला का कोणी? ऑगस्ट २०२५ मध्ये आलाय. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलची २० गाणी, सगळी नव्याने वाजवलेली आणि नव्याने गायलेली, वर नावापुढे 'जॉन्स व्हर्जन' असं लिहिलेलं. माणूस तेव्हा ८० वर्षांचा होता आणि काही ठिकाणी आवाज असा लागलाय की मी उठून बघितलं, चुकून जुनंच तर लावलं नाही ना.

ज्यांना मागचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्रीडन्स हा अमेरिकन रॉक बँड, म्हणजे जॉन, त्याचा मोठा भाऊ टॉम, बेसवर स्टू कुक आणि ड्रम्सवर डग क्लिफर्ड. १९६८ ते १९७२ मध्ये सात अल्बम, त्यातले तीन तर एकट्या १९६९ मध्ये. गाणी जवळजवळ सगळी जॉनची. करार फॅन्टसी रेकॉर्ड्सशी, मालक सॉल झेंट्झ, आणि तो करार इतका वाईट होता की बँड फुटल्यावर बाहेर पडण्यासाठी १९८० मध्ये जॉनने क्रीडन्सच्या रेकॉर्डिंगवरची गायक-वादक म्हणून मिळणारी रॉयल्टीच सोडून दिली. गाण्यांचे पब्लिशिंग हक्क, म्हणजे शब्द आणि चालीचे, तर आधीच गेले होते. ते बहुतांशी परत मिळाले जानेवारी २०२३ मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी. मूळ रेकॉर्डिंग मात्र अजूनही त्याची नाहीत.

तर प्रश्न असा की स्वतःचीच गाणी हुबेहूब परत रेकॉर्ड करायची, यातून ऐकणाऱ्याला नेमकं काय मिळतं? हक्कांचा भाग मला समजतो, माझी सहानुभूती पण आहे. पण कान काय म्हणतो? मला अजून ठरवता येत नाहीये म्हणून धागा काढला.

रिफवेडा

पहिला मी. ऐकलाय, आवडलाय, आणि तो तेव्हा ८० वर्षांचा होता यावर माझा विश्वास नाही. बाकी चालू द्या, पॉपकॉर्न आणतो.

तेरावी_ओळ

अय्या, म्हणजे टेलर स्विफ्टच्या 'टेलर्स व्हर्जन'चीच आयडिया की! २०१९ मध्ये तिचे पहिल्या सहा अल्बमचे मास्टर्स, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, तिला न विचारता विकले गेले, मग तिने २०२१ पासून एकेक अल्बम परत रेकॉर्ड करत आणले, 'फिअरलेस', 'रेड', 'स्पीक नाऊ', '१९८९', आणि शेवटी मे २०२५ मध्ये जुने मास्टर्सच विकत घेतले. कंसातली स्टाइल तरी तिचीच आहे. मला विचाराल तर कलाकाराच्या हातात त्याचं काम यायलाच पाहिजे, कान काय म्हणतो हा नंतरचा प्रश्न.

सुलू_७३

तेरावी_ओळ, बाळा, ही आयडिया टेलरच्या आजीच्या काळातली आहे. एव्हर्ली ब्रदर्स १९६० मध्ये कंपनी बदलून वॉर्नरकडे गेले आणि पुढे जुन्या कंपनीतली आपलीच हिट गाणी त्यांनी नव्याने गाऊन रेकॉर्ड काढली. फ्रँक सिनात्राने स्वतःची रिप्रीझ कंपनी काढल्यावर कॅपिटलच्या काळातली गाणी परत गायली. चक बेरीने पण कंपनी बदलल्यावर हेच केलं. फरक एवढाच की तेव्हा असल्या रेकॉर्डी गुपचूप निघायच्या, लोक घरी आणून लावायचे आणि मग कळायचं की अरे हे ते नाहीच. टेलरने ते उघड सांगून केलं, आणि त्यातच तिची हुशारी.

तबकडी, तुम्ही सगळ्यात भारी किस्सा गाळलात. झेंट्झने फोगर्टीवर दावा लावला होता तो. १९८४ च्या शेवटी जॉनचं 'द ओल्ड मॅन डाउन द रोड' आलं, आणि फॅन्टसीचं म्हणणं की हे आमच्या मालकीच्या 'रन थ्रू द जंगल'ची चोरी आहे. ते गाणं लिहिलेलं कोणी, तर जॉननेच! म्हणजे स्वतःचंच गाणं चोरल्याचा आरोप. १९८८ मध्ये तो साक्षीच्या पिंजऱ्यात गिटार घेऊन बसला आणि दोन्ही गाणी कशी वेगळी बनतात ते ज्युरीला वाजवून दाखवलं. जिंकला. नंतर वकिलांच्या खर्चावरून तेच प्रकरण थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९९४ मध्ये तिथेही निकाल त्याच्या बाजूने.

खरखरीत_तबकडी

सुलूताई, तो किस्सा तुमच्यासाठीच राखून ठेवला होता :)

कलमबहाद्दर

दोन हक्कांची गल्लत होतेय वर, म्हणून लिहितो. गाणं म्हणजे शब्द आणि चाल हा एक हक्क, त्याला पब्लिशिंग म्हणतात. आणि त्या गाण्याचं अमुक दिवशी अमुक स्टुडिओत झालेलं ध्वनिमुद्रण हा दुसरा हक्क, तो मास्टर. अमेरिकन कायद्यात मास्टरचा हक्क त्या प्रत्यक्ष मुद्रणापुरताच असतो, दुसऱ्या कोणी नव्याने वाजवून अगदी डिट्टो तसाच आवाज काढला तरी मास्टरच्या मालकाला त्यावर काही करता येत नाही, हे कायद्यातच स्पष्ट लिहिलंय. म्हणून तर हा सगळा खेळ शक्य होतो. गाण्याच्या हक्काचे पैसे द्यावे लागतात, पण ते एकदा बाजारात आलेल्या गाण्यासाठी ठरलेल्या दराने देता येतात, परवानगीसाठी दारात उभं राहावं लागत नाही.

मग अडवतं काय? करार. रेकॉर्ड कंपन्या करारात कलम टाकतात की इतकी वर्षं हेच गाणं दुसरीकडे रेकॉर्ड करायचं नाही. साधारणपणे रेकॉर्डिंगपासून पाच-सात वर्षं किंवा करार संपल्यापासून दोन-तीन वर्षं, यातलं जे नंतर येईल ते. टेलरनंतर कंपन्यांनी हे आकडे वाढवून मागायला सुरुवात केली, दहा-पंधरा वर्षं आणि त्याहून जास्तही.

फोगर्टीच्या बाबतीत अजून एक गंमत. १९७८ च्या आधीच्या गाण्यांचे दुसऱ्याला दिलेले हक्क अमेरिकेत ५६ वर्षांनी लेखकाला परत मागता येतात. क्रीडन्सचा पहिला अल्बम १९६८ चा, त्यात ५६ मिळवा, २०२४. आणि हक्कांचा सौदा झाला जानेवारी २०२३ मध्ये. मला तरी हा योगायोग वाटत नाही, जे वर्षा-दोन वर्षांत हातातून निसटायला लागणार तेच विकून कंपनी मोकळी झाली असं माझं मत. मास्टर्सना मात्र ही सोय लागू नाही, कारण १५ फेब्रुवारी १९७२ च्या आधीची ध्वनिमुद्रणं अमेरिकेच्या केंद्रीय कॉपीराइट कायद्यात बसतच नव्हती. म्हणून गाणी परत आली, टेप नाहीत आल्या.

बेसुरा

म्हणजे सिनेमावाल्यांना जुनं गाणं वापरायचं असेल तर दोघांची परवानगी लागते का?

कलमबहाद्दर

हो, गाण्याच्या मालकाची वेगळी आणि मास्टरच्या मालकाची वेगळी. खरा पैसा तिथेच आहे. 'फॉर्च्युनेट सन' घ्या, युद्धाच्या आणि श्रीमंतांच्या पोरांच्या विरोधातलं गाणं, आणि ते एका जीन्सच्या जाहिरातीत वाजलं, फोगर्टी चिडला पण तेव्हा त्याच्या हातात काहीच नव्हतं. आता गाण्याच्या बाजूने त्याचा शब्द चालतो, आणि नवीन रेकॉर्डिंग तयार असल्यामुळे जाहिरातवाल्याला तो म्हणू शकतो की बाबा हे घे, ते नको.

रिफवेडा

एक मिनिट. हे स्वतंत्र वगैरे काही नाहीये हां. अल्बम काढलाय कॉनकॉर्डने, आणि २००४ मध्ये फॅन्टसी विकत घेतली ती कोणी? कॉनकॉर्डनेच. म्हणजे जुने मास्टर्स ज्यांच्याकडे त्यांनीच नवीन अल्बम पण काढला. टेलरसारखी ही लढाई नाही, हा तह आहे. अर्थात कॉनकॉर्डने आल्या आल्या त्याची सोडलेली रॉयल्टी परत सुरू केली होती हे पण सांगायला पाहिजे, झेंट्झ आणि त्यांना एका माळेत ओवू नका.

स्वतंत्र बघायचं असेल तर ब्रायन अ‍ॅडम्स. २०२२ मध्ये त्याने स्वतःच्या लेबलवर 'क्लासिक' नावाने आपली जुनी हिट गाणी नव्याने गाऊन काढली, मग त्याचा दुसरा भाग पण. आणि हा माणूस २०१८ मध्ये कॅनडाच्या संसदेच्या समितीपुढे जाऊन बसला होता की कायद्यातला एक शब्द बदला. तिथे कलाकाराचे हक्क त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी वारसांना परत मिळतात, तर 'मृत्यू'च्या जागी 'हस्तांतरण' करा म्हणजे जिवंतपणी काहीतरी मिळेल. एवढंच मागणं.

आणि डेफ लेपर्ड हा बँड! डाउनलोडचा दर किती यावरून युनिव्हर्सल या रेकॉर्ड कंपनीशी वाजलं, तर यांनी २०१२ मध्ये दोन मोठी हिट गाणी अगदी तशीच्या तशी परत बनवून स्वतःच विकायला ठेवली. त्यांचा गायक जो एलियट स्वतःच त्यांना 'फोर्जरी' म्हणायचा, बनावट नोट छापल्यासारखं. २०१८ मध्ये समझोता झाला आणि जुनं सगळं स्ट्रीमिंगवर आलं, मग ती बनावट गाणी कोण ऐकतंय सांगा.

मिक्सरपुढचा

बरेच दिवसांनी माझ्या कामाचा धागा निघाला, त्यामुळे मोठं लिहितो, सहन करा.

हुबेहूब कॉपी करायला बसलं की पहिलं काय कळतं तर जुनं रेकॉर्डिंग कोणी ठरवून केलेलंच नव्हतं. टेप मशीनचा वेग किंचित कमीजास्त असायचा, म्हणून बऱ्याच जुन्या गाण्यांचा सूर आजच्या ट्यूनरशी जुळतच नाही, दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी बसतो. क्लिक ट्रॅक, म्हणजे कानात ताल देणारी टिकटिक, नसायचा, म्हणून कोरस आला की ड्रमर किंचित पुढे पळतो आणि परत कडव्यात मागे येतो, आणि ते चुकीचं वाटत नाही, उलट तेच गाणं. ड्रम्सचा आवाज एकमेकांच्या माइकमध्ये सांडलेला. खोलीचा आवाज त्यात मिसळलेला, आणि ती खोली आज नाही. डेफ लेपर्डचं अजून अवघड, कारण निर्माता मट लँगने 'हिस्टेरिया'त आवाजांचे थरावर थर चढवले होते आणि त्या अल्बमला काही वर्षं लागली होती. ते परत करायचं म्हणजे एका एका आवाजामागे त्या वेळचं यंत्र शोधत फिरायचं. स्क्वीझ या बँडने २०१० मध्ये 'स्पॉट द डिफरन्स' काढला तेव्हा नावातच आव्हान होतं, फरक ओळखून दाखवा, आणि ते लोक असेच जुने सिंथ शोधत बसले होते.

आता गळा. वय वाढलं की वरचे सूर आधी जातात, मग गाणी अर्धा सूर किंवा एक सूर खाली आणतात, गिटारी खाली लावतात. पट्टी उतरली की गिटारच्या मोकळ्या तारांचा खणखणाट बदलतो, आणि तिथे ऐकणाऱ्याला काहीतरी वेगळं लागतं, काय ते सांगता येत नाही. फोगर्टीचा गळा आधीपासून किंचाळण्यावर उभा होता, त्यामुळे तो टिकला हेच आश्चर्य. जुन्या रेकॉर्डवर मागचे बहुतेक आवाज पण त्यानेच गायले होते, हे लक्षात घ्या, म्हणून नवीन वाल्यात सगळ्यात जवळचं काय उतरलं असेल तर गाणं आणि गिटार. ती जुनी रिकनबॅकर गिटार त्याने सत्तरच्या दशकात देऊन टाकली होती, बायकोने कित्येक वर्षांनी शोधून परत आणली, नशीबवान माणूस.

पण ड्रम्स ऐका. स्वच्छ आहेत, नीट आहेत. आणि क्रीडन्सचे नाहीत.

डबलबास

मिक्सरपुढचा यांना +१, आणि इथेच माझं खरं भांडण आहे. इतका वेळ गप्प होतो.

टेलर स्विफ्टचं प्रकरण वेगळं. ते तिचे सोलो अल्बम, वादक पैसे घेऊन वाजवणारे, आणि समोर कंपनी. ठीक. क्रीडन्स हा बँड होता. 'जॉन्स व्हर्जन' म्हणजे काय? मग आधीचं होतं ते कोणाचं व्हर्जन? जुनं गाणं स्ट्रीम झालं की त्यातला वाटा कुक आणि क्लिफर्डला जातो, टॉम १९९० मध्ये गेला, त्याच्या घरच्यांना जातो. नवीन गाणं लागलं की यातल्या कोणाला काही नाही. सॉल झेंट्झशी भांडण होतं हे मान्य, तो माणूस २०१४ मध्ये वारला. आता हे शस्त्र लागतंय कोणाला?

१९९३ मध्ये बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा पण जॉनने या दोघांबरोबर वाजवायला नकार दिला आणि दुसऱ्यांना घेऊन वाजवलं, हे दोघं खाली बसलेले. हा अल्बम मला त्याच संध्याकाळचा पुढचा भाग वाटतो.

आणि ऑझी ऑस्बॉर्नचं उदाहरण कोणी का दिलं नाही? त्याचे जुने वादक बॉब डेझ्ली आणि ली कर्स्लेक यांनी रॉयल्टीसाठी कोर्टात खेचलं, तर २००२ च्या आवृत्तीत 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ' आणि 'डायरी ऑफ अ मॅडमन' वरचे त्यांचे बेस आणि ड्रम्स पुसून दुसऱ्यांकडून वाजवून घेतले. रँडी ऱ्होड्सची गिटार तीच, खालचा पाया दुसऱ्याचा. लोक इतके संतापले की २०११ मध्ये मूळ परत आणावं लागलं. परत रेकॉर्ड करणं म्हणजे नेहमी बिचारा कलाकार विरुद्ध दुष्ट कंपनी असं नसतं हो. कधी कधी बलवान कलाकार दुबळ्या कलाकाराला पुसतो.

तेरावी_ओळ

पण डबलबास दादा, फोगर्टीने कोणाला पुसलंय? जुनी गाणी तशीच आहेत ना, काढून नाही घेतलेली. ऑझीच्या आवृत्तीत मूळच गायब केलं होतं, तो गुन्हा. इथे दोन्ही शेजारी शेजारी आहेत, ज्याला जे हवं ते ऐका. आणि गाणी लिहिली त्यानेच, अ‍ॅरेंज केली त्यानेच.

डबलबास

अ‍ॅरेंज केली म्हणजे वाजवली नाही. 'बॉर्न ऑन द बायू'चा तो मागे रेलून चालणारा ठेका कागदावर लिहिता येत असेल तर मला आणून दाखव, मी वाजवून बघतो.

सुलू_७३

डबलबास, तुमचं दुखणं कळतंय, पण थोडं पलीकडून पण बघा. या माणसाने स्वतःची गाणी कित्येक वर्षं स्टेजवर गायलीच नाहीत, कारण गायलं की झेंट्झला पैसे. १९८७ मध्ये एका क्लबात बॉब डिलन त्याला म्हणाला की तू 'प्राउड मेरी' गायलं नाहीस तर लोकांना ते टीना टर्नरचं गाणं वाटेल, हे तो स्वतःच सांगतो. त्यानंतर त्याच वर्षी व्हिएतनामच्या सैनिकांसाठीच्या कार्यक्रमात त्याने ती परत गायली. ज्याने स्वतःच्याच गाण्यांना पंधरा वर्षं तोंड दाखवलं नाही त्याला ८० व्या वर्षी ती आपल्या नावाने एकदा तरी हवीशी वाटली, आणि ती पण पोरांना बरोबर घेऊन, शेन आणि टायलर दोघंही वाजवतायत त्यात. मी तरी त्याला हिशेबाची वही म्हणणार नाही.

भावाशी मात्र शेवटपर्यंत पटलं नाही, ते राहिलंच.

बेसुरा

मला कॉपीच करायची हे पटत नाही. परत करतोयस तर काहीतरी बदल ना. केट बुशने २०११ मध्ये 'डायरेक्टर्स कट' केला, स्वतःच्याच लेबलवर, 'द सेन्शुअल वर्ल्ड' आणि 'द रेड शूज' मधली गाणी घेऊन. ड्रम्स नवे, गाणं नवं, काही पट्ट्या खाली, काही जुनं तसंच ठेवलं. तिला ज्या गाण्यात जेम्स जॉइसचे शब्द घ्यायचे होते आणि तेव्हा परवानगी मिळाली नव्हती ते शब्द या वेळी मिळाले आणि तिने ते गायले. हे कारण झालं! रॉजर वॉटर्सने २०२३ मध्ये पिंक फ्लॉइड या आपल्या जुन्या बँडचा 'डार्क साइड' अल्बम एकट्याने परत केला, गिटारचे सोलोच काढून टाकले, ८० व्या वर्षाच्या आवाजात पुटपुटत म्हटला. मला तो कंटाळवाणा वाटला, पण निदान वेगळा होता राव. तरुणपणी लिहिलेलं मृत्यूबद्दलचं गाणं म्हाताऱ्याच्या तोंडी वेगळं लागतं.

मिक्सरपुढचा

बेसुरा, केट बुशला पटवायचं होतं स्वतःला, फोगर्टीला जाहिरात कंपनीला. बदल केला तर ते रेकॉर्डिंग मूळाच्या जागी वापरताच येणार नाही. कॉपी म्हणजे आळस नाही, तीच गरज आहे. आणि म्हणूनच कानाला ती अपुरी वाटते, कारण ती कानासाठी केलेलीच नाही पूर्ण.

खरखरीत_तबकडी

हे वाचून माझं जवळजवळ ठरलं. काल रात्री दोन्ही 'ग्रीन रिव्हर' आलटून पालटून लावली, हेडफोनवर. आवाज नव्याचा घ्यावा असं एक-दोन ओळींत खरंच वाटलं, तरुण जॉन जिथे नुसता ओरडतो तिथे म्हातारा जॉन शब्द चावून म्हणतो. पण ड्रम्स सुरू झाले की हात आपोआप जुन्याकडे. डबलबासचा राग मला पटतो, पण कुक-क्लिफर्डचं नुकसान या अल्बमने होईल असं नाही वाटत, कारण लोक जुनंच ऐकणार. नवा अल्बम ज्यांच्यासाठी आहे ते लोक गाणी ऐकत नाहीत, विकत घेतात. माझ्यापुरतं म्हणाल तर नव्यातली तीन-चार गाणी ठेवणार, बाकी जुनं.

रिफवेडा

कुठली तीन-चार ते तरी सांग की लेका!

खरखरीत_तबकडी

'लाँग अ‍ॅज आय कॅन सी द लाइट' सगळ्यात वर, तिथे वय कामी आलंय. मग 'हॅव यू एव्हर सीन द रेन' आणि 'अप अराउंड द बेंड'. चौथं अजून ठरत नाहीये.

डबलबास

चौथं ठरवूच नको.

बेसुरा

शोधताना सापडत नाहीये मला, क्रीडन्स टाकलं की फक्त जुनंच येतंय?

कलमबहाद्दर

जॉन फोगर्टी टाका, बँडच्या नावाने नाही मिळणार, कलाकार म्हणून तिथे तो एकटाच आहे. आणि प्रत्येक रेकॉर्डिंगला स्वतःचा वेगळा बारा अक्षर-अंकांचा कोड असतो, त्यामुळे जुन्याचे ऐकण्याचे आकडे नव्याला मिळत नाहीत, सगळं शून्यापासून. अल्बमचं नाव 'लेगसी' एवढंच टाकलंत तर भलतंच काहीतरी उघडेल.